सुटा ३२.७६८ किलोहर्ट्झ क्रिस्टल: माल चांगला, कस बसवण्यात

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याही पार्टच्या दुकानात ‘घड्याळाचा क्रिस्टल’ मागितला की काउंटरवर एक चंदेरी नळकांडं येतं. २ मिलिमीटर जाड, ६ मिलिमीटर लांब, खाली बारीक तारेचे दोन पाय. थोडा मोठा मागितला तर ३ बाय ८ चा मिळतो. सुटा घ्या, दहा रुपयांच्या आत-बाहेर. पाकिटाने घेतला तर त्याहून बराच कमी. शाळेच्या घंटेचा टायमर, ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांचा स्विच, शेतीपंपाच्या स्टार्टरमधला टायमर, पॉलिटेक्निकच्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळीकडे हाच चालतो.

या किमतीत इतकी नेमकी दुसरी वस्तू बाजारात नाही. साधारण मालाची चूकही ±२० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत वीस भागांच्या, आत असते. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, म्हणून २० पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तरीही ‘चालतच नाही’, ‘दिवसाला आठ-नऊ सेकंद पुढे पळतो’, ‘पावसाळ्यात बंद पडतो’ या तक्रारी कायम ऐकू येतात. यातल्या बहुतेक तक्रारींत क्रिस्टलचा दोष नसतो. तो कसा बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंना काय लावलं आणि सर्किटने त्याला किती जोराने हलवलं, यात दोष असतो.

नळकांड्याच्या आत क्वार्ट्झचा एक इवलासा नादकाटा असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो त्याच आकाराचा. त्याच्या दोन भुजा एकाच पातळीत, एकमेकींच्या उलट दिशेने हलतात. दोघी एकदम आत येतात, एकदम बाहेर जातात. त्यामुळे बुडाशी दोन्हींचे धक्के एकमेकांना मारतात आणि बूड जवळपास स्थिर राहतं. पकडायची जागा तीच. आतून आलेल्या दोन पायांना हे बूड चिकटवलेलं असतं आणि भुजा निर्वातात मोकळ्या असतात. निर्वात मुद्दाम ठेवलेला असतो. हवा शिरली की भुजांना विरोध होतो, क्रिस्टलचा अंतर्गत रोध वाढतो आणि मग सर्किटची ताकद कमी पडते. चांगल्या क्रिस्टलचा हा रोध ३० ते ५० किलोओम असतो. काही मालाला ७० पर्यंत मुभा असते. ३२७६८ ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो.

आता खरेदी. दुकानदाराला फक्त फ्रिक्वेन्सी सांगून भागत नाही, लोड कपॅसिटन्स विचारा, म्हणजे सर्किटने क्रिस्टलवर किती कपॅसिटन्स टाकला की तो बरोबर चालतो ते. ६, ७, ९ आणि १२.५ पीएफ (पिकोफॅरड) असे प्रकार असतात आणि नळकांड्यावर त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पाकिटाचं लेबल मागा, त्यावर १२.५ दिसलं तरच घ्या. आपल्याकडचे बहुतेक सर्किट आणि डीएस१३०७ हा घड्याळाचा आयसी १२.५ साठीच बनलेले आहेत. लेबल नसेल, डब्यातून मूठभर काढून दिले जात असतील, तर एकाच डब्यात दोन प्रकार मिसळलेले असू शकतात. सगळ्यात जास्त डोकेदुखी याचीच होते. १२.५ च्या क्रिस्टलवर प्रत्यक्षात ६ पीएफच आलं, तर घड्याळ शंभरेक पीपीएम, म्हणजे दिवसाला साडेआठ सेकंद पुढे जातं. उलट ६ चा क्रिस्टल १२.५ च्या जागी बसवला तर तेवढ्याच हिशेबाने मागे पडतं. दिवसाला आठ-नऊ सेकंदांची ठरलेली चूक दिसली की आधी याचाच संशय घ्यावा. मल्टिमीटरने क्रिस्टल तपासता येत नाही. चांगला असो वा मेलेला, तो ओपनच दाखवतो. शॉर्ट दाखवला तर मात्र फेकून द्या.

बसवण्याकडे नीट लक्ष द्यायला हवं, कारण बहुतेक क्रिस्टल दुकानात मरत नाहीत, आपल्या टेबलावर मरतात. पाय जिथून बाहेर येतात तिथे काचेचा मणी आहे, तोच आतला निर्वात राखतो. पाय वाकवायचा असेल तर बारीक चिमट्याने मण्याजवळ घट्ट धरा आणि चिमट्याच्या पलीकडचा भाग वाकवा, मण्यापासून निदान दोन मिलिमीटर सोडून. बोटाने नळकांडं धरून पाय थेट मुळातून आडवा केला की काचेला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. गंमत अशी की क्रिस्टल लगेच बंद पडत नाही. हवा हळूहळू आत जाते, महिना-दोन महिन्यांनी तो सुरू व्हायला वेळ लावतो, मग एखाद्या दिवशी सुरूच होत नाही. तोवर वाकवल्याची गोष्ट कोणाच्या लक्षात राहिलेली नसते. पाय कापताना जाड कटरचा खटका बसतो तोही आतल्या भुजांपर्यंत पोचतो. म्हणून धारदार बारीक कटर वापरा आणि कापताना पाय चिमट्यात धरलेला ठेवा.

सोल्डर करताना आयर्न ३५० अंशांच्या वर नको आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. दुसरा पाय करायच्या आधी पहिला थंड होऊ द्या. सगळ्यात वाईट सवय म्हणजे नळकांडं आडवं झोपवून त्याच्या अंगालाच सोल्डरचा थेंब मारून ग्राउंडला चिकटवणं. बोर्डावर तशी जागा काढलेली असते, म्हणून लोक मारतात. पण आतला नादकाटा ज्या सोल्डरने धरलेला आहे त्याच्यापर्यंत ती उष्णता जाते, आणि अंग दीडशे अंशांच्या वर गेलं की फ्रिक्वेन्सी सरकते किंवा निर्वात बिघडतो. डबा ग्राउंड करायचाच असेल तर एक उघडी तार घ्या, नळकांड्यावरून कमानीसारखी नेऊन दोन्ही टोकं बोर्डाला सोल्डर करा आणि नळकांडं नंतर त्या कमानीखाली सरकवून पाय जोडा. दोन पायांपैकी एकही डब्याला जोडलेला नसतो, त्यामुळे ग्राउंड केल्याने शॉर्ट होत नाही. हात जवळ नेला की फ्रिक्वेन्सी हलते ती मात्र थांबते. दोन पायांत उलटसुलट असाही भेद नाही.

नळकांडं दोन पायांवर अधांतरी लोंबत ठेवणं शेतातल्या पेटीत चालत नाही. कॉन्टॅक्टर ओढला की सगळी पेटी दणकते. खाली दुहेरी टेपचा तुकडा किंवा सिलिकॉनचा ठिपका द्या, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याचं आम्ल पाय खातं. वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं मागा.

फ्लक्स हा विषय मराठवाड्यात अर्धं वर्ष कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की घाण बोर्डही चालतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तोच बोर्ड अडतो. या सर्किटमध्ये बायस देणारा रेझिस्टर १० ते २२ मेगओमचा असतो. डबीतल्या सोल्डर पेस्टचा थर दोन पायांमध्ये राहिला आणि त्याने दमट हवा ओढली, की गळतीचा मार्ग त्याच्या तोडीचा होतो आणि आंदोलन मरतं. पेस्ट वापरूच नका. रोझिन असलेली तारच वापरा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा, वाळवा आणि ॲक्रिलिक लॅकरचा एक हात द्या. अल्ट्रासॉनिक टबमध्ये हा बोर्ड घालू नका, भुजा तुटू शकतात. क्रिस्टल आयसीच्या अगदी जवळ हवा, पायापासून सेंटीमीटरच्या आत, आणि त्याच्या खालून दुसरी कुठलीही ट्रॅक जाऊ नये. रिले किंवा कॉन्टॅक्टरची तार शेजारून गेली तर ठोके वाढतात, घड्याळ अधूनमधून उडी मारतं. ब्रेडबोर्डावर जवळच्या दोन पट्ट्यांत दोन ते पाच पीएफ आपोआप येतात, त्यामुळे तिथली चूक पीसीबीवर गेल्यावर बदलते. ब्रेडबोर्डावर ट्रिमर लावून ठेवलेला आकडा बोर्डावर तसाच वापरू नये.

चालवायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे सीडी४०६०, ऑसिलेटरचा गेट आणि निम्मं-निम्मं करणारे टप्पे एकत्र असलेला आयसी. १० आणि ११ नंबरच्या पिनांमध्ये क्रिस्टल, त्याच दोन पिनांमध्ये १० मेगचा रेझिस्टर, पिन ११ वरून ग्राउंडला २२ पीएफ. पिन १० आणि क्रिस्टल यांच्यामध्ये ३३० किलोओम, आणि त्या रेझिस्टरच्या क्रिस्टलकडच्या टोकावरून ग्राउंडला १८ पीएफ. रिसेटची पिन १२ ग्राउंडला, ८ ग्राउंड, १६ सप्लाय. पिन ३ वर सेकंदाला दोन ठोके मिळतात, सेकंदाला एक हवा असेल तर पुढे सीडी४०१३ ने निम्मं करा. १८ आणि २२ एकामागे एक म्हणजे ९.९ पीएफ, त्यात बोर्डाचे अडीच-एक धरले की १२.४. हिशेब जुळतो. ६ पीएफचा क्रिस्टल असेल तर दोन्ही बाजूंना ६.८. कपॅसिटर एनपीओ प्रकारचेच घ्या. साधी सिरॅमिक चकती तापली की तिची किंमत बदलते आणि त्याचं खापर क्रिस्टलवर फुटतं.

आतला गेट सिग्नल उलटा करतो, क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर मिळून तो पुन्हा उलटा करतात आणि फेरी पूर्ण होते. १० मेग गेटला सप्लायच्या मध्यावर धरून ठेवतो, नाहीतर तो एका टोकाला चिकटून बसेल. ३३० के मात्र खर्च वाचवायला म्हणून अनेक जण काढून टाकतात आणि तिथेच फसतात. त्याची कामं दोन. पहिलं, क्रिस्टलला जाणारी ताकद कमी करणं. या नादकाट्याची मर्यादा साधारण १ मायक्रोवॅट आहे. ४० किलोओमच्या क्रिस्टलला म्हणजे फक्त ५ मायक्रोअँपिअर. ५ व्होल्टवर, ३३० के लावूनही, हिशेबाने अडीच मायक्रोवॅटच्या आसपास जातात. ३ व्होल्टवर तोच आकडा १ च्या खाली येतो. म्हणून ४०६० ला ३ ते ३.३ व्होल्ट द्यावेत हे उत्तम, आणि ५ देणं भागच असेल तर ३३० के ऐवजी १ मेग लावावा. जास्त ताकदीवर क्रिस्टल लगेच मरत नाही, पण फ्रिक्वेन्सी सरकत राहते. दुसरं काम, वरची कंपनं अडवणं. नादकाट्याचं पुढचं कंपन मूळच्या सहापटीहून थोडं जास्त, म्हणजे दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास असतं. रेझिस्टर काढला, वर जोरदार गेट वापरला, की सर्किट त्यावर उडी मारतं आणि घड्याळ सहापट धावतं. ‘क्रिस्टल वेडा झाला’ म्हणून दुकानात परत आलेला माल बहुधा असाच असतो. सुटे गेट वापरायचे असतील तर ४०६९यूबी किंवा ७४एचसीयू०४ घ्या. साधा ७४एचसी०४ आतून तीन टप्प्यांचा असतो, त्याची गेन या कामाला फार होते.

सुरू व्हायला सेकंदभर लागतो, कधी त्याहून जास्त. नादकाटा हळूहळूच भरात येतो, त्यामुळे सप्लाय देताक्षणी ‘बंद आहे’ असा निकाल देऊ नका. स्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायावर लावून तपासू नका. प्रोबचे दहा-पंधरा पीएफ तिथे चढले की फ्रिक्वेन्सी खाली येते, नाहीतर आंदोलनच थांबतं. पिन ७ वर २०४८ हर्ट्झ मिळतात, मोजायचं तिथे मोजा. एक पीपीएम म्हणजे तिथे ०.००२ हर्ट्झ. काउंटर नसेल तर दहा दिवस मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा, दिवसाच्या सरासरी चुकीला ०.०८६४ ने भागा, पीपीएम मिळतात. मागे पडत असेल तर कपॅसिटर थोडा कमी करा, पुढे जात असेल तर वाढवा. १२.५ च्या क्रिस्टलवर लोडमधला एक पीएफ सुमारे ८ पीपीएम हलवतो, ६ च्या क्रिस्टलवर पंचवीसच्या पुढे. ६ चा क्रिस्टल वीज कमी खातो खरा, पण हाताने बनवलेल्या बोर्डावर तो सांभाळणं कठीण आहे.

आता ऊन. हा क्रिस्टल २५ अंशांना सर्वांत वेगवान असतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो, थंड झाला तरी मागेच पडतो. २५ पासूनच्या फरकाच्या वर्गाला ०.०३५ ने गुणा, पीपीएम मिळतात. सावलीत ४५ अंश म्हणजे १४ पीपीएम, दिवसाला १.२ सेकंद. पण स्टार्टरची पत्र्याची पेटी मे महिन्यात बांधावर उन्हात असते, आत ६० अंश सहज होतात. ६० अंशांवर ४३ पीपीएम, म्हणजे दिवसभर तसंच राहिलं तर ३.७ सेकंद. डिसेंबरच्या रात्री १० अंशांवर ८ पीपीएम, तेही मागेच. म्हणून आपल्याकडे खोलीत बरोबर शून्यावर लावलेलं घड्याळ वर्षभरात हमखास मागे पडतं. पेटीची सरासरी ३५ अंश आणि त्याभोवती १५ अंशांची चढउतार धरली तर सुमारे ७ पीपीएमची सरासरी तूट येते. २५ अंशांवर घड्याळ दिवसाला ०.६ सेकंद पुढे राहील असं मुद्दाम लावा, वर्षाचा हिशेब बराच जुळतो. पेटीत क्रिस्टल कॉन्टॅक्टरच्या कॉइलपासून दूर, खालच्या बाजूला ठेवा.

तयार मॉड्यूलबद्दल थोडक्यात. डीएस१३०७ च्या छोट्या बोर्डावर हाच सुटा क्रिस्टल असतो, तोही बहुधा अधांतरी. वरचे सगळे नियम त्याला लागू. या आयसीला बाहेरून कपॅसिटर लावू नका, १२.५ चा लोड आत आहे. नवा आयसी ‘बंद’ वाटला तर आधी पहिल्या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट शून्य करा. तो एक असेपर्यंत ऑसिलेटर मुद्दाम थांबवलेला असतो, क्रिस्टल बदलून उपयोग नाही. शेतातल्या पेटीसाठी मात्र डीएस३२३१ घ्या. क्रिस्टल आतच आहे, तापमान मोजून चूक भरून काढतो आणि ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम, त्यापलीकडे ८५ पर्यंत ±३.५. घेताना आयसीवरची अक्षरं वाचा. मागे ‘एसएन’ असेल तर आत क्वार्ट्झ आहे. ‘एम’ असेल तर क्वार्ट्झ नाहीच, सिलिकॉनचा रेझोनेटर आहे आणि हमी ±५ ची. १३०७ आणि ३२३१, दोन्हींच्या स्वस्त बोर्डांवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी अनेकदा असते. त्यात न चार्ज होणारा सीआर२०३२ घातला तर तो फुगतो. ३२३१ च्या बोर्डावरचा छोटा डायोड किंवा त्याच्या शेजारचा २०० ओमचा रेझिस्टर काढून टाका, मगच सीआर२०३२ घाला.

भंगारात कधीकधी १०० किलोहर्ट्झच्या आसपासचे मोठे पत्र्याच्या डब्याचे किंवा काचेच्या नळीतले क्रिस्टल येतात. जुने काउंटर, रिसीव्हर, टेलिफोनच्या कॅरियर यंत्रांतले, म्हणजे एकाच तारेवरून अनेक संभाषणं नेणाऱ्या यंत्रांतले. त्या यंत्रांचा बारा वाहिन्यांचा गट ६० ते १०८ किलोहर्ट्झमध्ये असायचा. काचेचा मिळाला तर उजेडात धरून पाहावाच. क्वार्ट्झची पट्टी बारीक तारांनी हवेत टांगलेली दिसते आणि तारा नेमक्या न हलणाऱ्या जागी चिकटवलेल्या असतात. लांबीत ताणणाऱ्या पट्टीला मध्यावर, वाकणाऱ्या पट्टीला दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ अंतरावर. तारेवर मध्येच सोल्डरचा एक गोळा दिसेल. तो तिथे ठरवून बसवलेला असतो, पट्टीची थरथर तारेतून खांबाकडे वाहून जाऊ नये म्हणून. हा क्रिस्टल कानाशी हलवा. आत टिकटिक झाली तर तार तुटली आहे, घेऊ नका. चांगला असेल तर सॉकेटमध्ये उभा बसवा, खाली फोम द्या, आणि ताकद कमीत कमी ठेवा.

दुकानदारांनी आणि पोरांनीही चाचणीचा एक छोटा बोर्ड बनवून ठेवावा. ४०६० चं वरचं सर्किट, दोन पेन्सिल सेल, क्रिस्टलसाठी बारीक सॉकेट, आणि पिन ३ वर बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून एक एलईडी. क्रिस्टलच्या ओळीत २२० किलोओम टाका आणि त्याला समांतर एक स्विच ठेवा. आधी स्विच बंद करून, म्हणजे रेझिस्टर शॉर्ट करून, चालवा. सेकंदाला दोनदा लुकलुकलं की क्रिस्टल जिवंत. मग सप्लाय काढा, स्विच उघडा आणि पुन्हा सुरू करा. २२० के मध्ये असतानाही पाच सेकंदांत सुरू झाला तर या सर्किटमध्ये त्याला भरपूर वाव आहे, तो पावसाळाही काढेल. नुसता स्विच बंद असतानाच चालणारा क्रिस्टल बाजूला ठेवा. त्याचा निर्वात गेलेला असतो किंवा रोध वाढलेला असतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या पेटीत गेला की परत येणारच.